नाकातलं सडकं अंडं

ज्यांच्या नाकाने अशी दगाबाजी केली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांना हसू आलं तर हसा. हात मोडला तर लोक प्लास्टर बघून खुर्ची तरी देतात. माझ्या आजाराला दाखवायला काहीच नव्हतं. माझ्या नाकात एक सडकं अंडं फुटलं होतं आणि त्याचा वास मला एकटीलाच येत होता.

आधी माझी ओळख. मी रंजना. अमरावतीत आमच्या घरी मुलींची मेस आहे. क्लासला आलेल्या मुली भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि दोन वेळ माझ्याकडे जेवतात. आमचे हे चांदूर रेल्वेच्या एका कार्यालयात नोकरीला आहेत, सकाळी जातात, संध्याकाळी येतात. घरी दिवसभर मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना सगळेच आई म्हणतात, मुलीसुद्धा.

बुधवार-रविवार अंडी. मेस चालवणारीला अंड्याची जितकी भीती असते तितकी कशाचीच नसते. एक सडकं अंडं पातेल्यात पडलं तर भाजी जाते, ते पोटात गेलं तर मेस जाते, आणि पोरगी ऐन परीक्षेत आजारी पडली तर तिचं वर्ष जातं. म्हणून माझी पद्धत ठरलेली. अंडं आधी वाटीत फोडायचं, वाटी नाकाशी न्यायची आणि मगच पातेल्यात ओतायचं. हे नाकाशी नेणं मी इतक्या वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं. आई म्हणायच्या, "रंजनाचं नाक म्हंजे कुत्र्याचं नाक हाय." मला त्याचा अभिमानच होता.

फिनेल

उन्हाळ्याच्या तोंडावर ताप आला. साधा म्हणून अंगावर काढला, तो छातीत उतरला आणि मला भरती केलं.

दवाखान्यातले दिवस सगळे सारखेच. सकाळी सिस्टर येऊन सलाईन बदलायची, मग डॉक्टरांचा राउंड, मग यांचा फोन आणि आईंचा डबा. आई स्टुलावर बसून माझ्या पायांना तळहात लावून ठेवायच्या. एक आयाबाई होत्या, त्या रोज माझे केस विंचरून वेणी घालून द्यायच्या. "आजारी मानसाचे केस मोकळे असले की घरचे जास्त भेतात," असं त्यांचं म्हणणं. त्या वेणीनं मला औषधाइतकंच बरं वाटायचं.

एक दिवस त्या फिनेलने फरशी पुसत होत्या. बादली माझ्या खाटेशीच होती. पाणी पांढरं झालेलं दिसत होतं आणि वास मात्र येत नव्हता. मी वाकून पाहिलं. मग उशाचं संत्र सोललं, साल नाकाशी चिमटली. डोळ्यांत झोंबलं, पण वास नाही.

डॉक्टर म्हणाले, तापानंतर होतं असं, येईल परत. मी घरी आले. चहा गरम पाण्यासारखा लागला. आलं, वेलची, फोडणी, साबण, सगळं गेलं होतं. मेस आईंनी एका बाईच्या मदतीने सुरू ठेवली होती. मी बसून कांदे चिरायचे, डोळ्यांतून पाणी काढायचे आणि वाट पाहायचे.

वास परत आला. न आला असता तर बरं झालं असतं.

संत्र

यांच्या ऑफिसातल्या कोणीतरी शेंदूरजनाघाटहून संत्र्यांची पिशवी पाठवली होती. हे कौतुकाने सोलून देत होते. पहिली साल फाटली आणि मी तोंडावर पदर धरून मोरीकडे पळाले. सडक्या अंड्याचा वास होता तो. थोडाथोडका नाही, उन्हात फुटलेल्या अंड्याचा.

"संत्र सडलं," मी म्हटलं.

यांनी फोड तोंडात टाकली. "गोड हाय न. काय झालं तुले?"

त्या दिवसापासून तो वास घरात राहायला आला. चहात होता, उशीत होता, नवीन साबणात होता. संध्याकाळी वंदनेला बसले, उदबत्ती लावली, तर उदबत्तीतून तोच. आईंच्या तळहातांना यायचा, त्याच तळहातांना, जे माझ्या पायांना लावलेले असायचे. यांच्या शर्टाला यायचा. मी यांच्याकडे पाठ करून झोपू लागले. हे दुखावले. मलाही सांगता येईना. नवऱ्याला कसं सांगायचं, की तुमचा वास मेलेल्या अंड्यासारखा येतो?

सगळ्यात वाईट दुपारी. मे महिन्यातली अमरावतीची दुपार म्हणजे गल्लीत चिटपाखरू नाही. दारं-खिडक्या लावलेल्या, कूलर एकसुरी घोंघावतोय, घरात अंधार. मुली क्लासला. अशा वेळी वास जागेवरून उठायचा. आधी स्वयंपाकघरात, मग पॅसेजमध्ये, मग माझ्या मागे. मी उठून दुसऱ्या खोलीत गेले की थोड्या वेळाने तोही यायचा. मला वाटायला लागलं की घरात काहीतरी मेलेलं आहे आणि ते फक्त मला शोधतंय.

शेजारच्या काकू पाहायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "बाहेरचं असनं. लिंबू उतरवून टाका."

आईंनी तिथल्या तिथे सुनावलं, "आमच्या घरात असलं काई चालत नाई. चहा घेतं का? घे अन् जाय."

मलेबी येते

यांना रोज विचारायचे, "तुमाले येते का वास?" आधी हे हुंगून पाहायचे. मग नुसतं "नाही" म्हणायचे. मग चिडायला लागले. "अवो, नाई येत! कितीदा सांगू?" मुलींना विचारलं तर त्या एकमेकींकडे पाहायच्या. त्यांचं ते पाहणं मला समजायचं. मी वेडी होत चाललेय, असं मलाही वाटत होतंच.

एका दुपारी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून रडत होते. आई आतून आल्या, थांबल्या, नाक वर केलं आणि हळूच म्हणाल्या, "मलेबी येते."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. "खरंच?"

"हाव. सडल्यावानी."

त्या एका वाक्याने मला किती धीर आला ते सांगता येणार नाही. आम्ही दोघींनी घर उलथं केलं. कूलरची टाकी रिकामी केली, कपाटं ओढली, मोरीची जाळी काढली, गहू चाळले. आई पुढे, मी मागे. "इथी येते का वो?" त्या विचारायच्या. "थोडा थोडा येते." काहीच सापडलं नाही. पण आता आम्ही दोघी होतो आणि वास एक होता. तसे बरेच दिवस गेले. मी विचारायचे, आई "हाव" म्हणायच्या.

फक्त एक गोष्ट खटकायची. त्या पहिल्या दुपारनंतर मी आधी बोलल्याशिवाय आईंना वास कधीच यायचा नाही.

अकोला

शेवटी यांनी ऐकलं नाही. अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. वेळ अचानक मिळाली, म्हणून त्याच दिवशी मेस बंद केली, मुलींना डब्याची दुसरीकडे सोय करून दिली आणि आम्ही तिघं निघालो. अकोल्याजवळच्या एका गावात माझं माहेर आहे, तिथे भावाकडे उतरलो. तपासण्या, तारखा आणि रिपोर्ट यांत पंधरवडा गेला.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारं, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. लहानपणी आम्ही एक ऐकत आलो, की आपलं पाणी भारी आहे, आपल्या पाण्यात अंडं बुडत नाही. शहरातल्यांनी पाण्यात टाकून अंडं पारखावं, आपण नाही. बाजाराच्या दिवसापर्यंत साठवलेली अंडी आजी धुवायला टाकायची आणि ती तरंगायची. ते आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणून खरं.

एका सकाळी कोंबडीने नुकतंच घातलेलं गावठी अंडं वहिनीने, अजून गरम असतानाच, विहिरीच्या पाण्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, सोडलं आणि म्हणाली, "ताई, तुमाले उकडून देतो." मी नको म्हटलं. अंडं तळाशी आडवं पडलं होतं. मी ते पाहिलं आणि विसरले.

रिपोर्टचा दिवस आला. डोक्यात गाठ आहे, हे मी मनात ठरवूनच टाकलं होतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली, बराच वेळ बघितली. "गाठ वगैरे काही नाही," म्हणाले. "तापात वासाची नस दुखावली. आता ती परत जुळतेय, पण चुकीची जुळतेय. त्यामुळे असलेला वास वेगळा येतो, नसलेलाही येतो. हळूहळू सुधारतं. वेळ लागतो." मग सहज विचारलं, "घरात आणखी कोणाला येतो का हा वास?"

"हो," मी जवळजवळ विजयानेच म्हटलं. "आईंना येतो. माझ्या सासूबाईंना."

डॉक्टरांनी आईंकडे पाहिलं. आईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

"नाई येत, डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "कधीच नाई आला. पोरगी एकटी पडली होती, म्हनून म्हनत होती."

गाठ नाही याचा आनंद मला त्या दिवशी झालाच नाही. परतताना गाडीत मी खिडकीशी बसले आणि आईंशी एक अक्षर बोलले नाही. त्या भल्यासाठीच खोटं बोलल्या, हे डोक्याला पटत होतं. पण ज्या एका माणसाच्या भरवशावर मी स्वतःला शहाणी समजत होते, तोच भरवसा खोटा निघाला होता. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. आईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. मी घेतली नाही.

बादली

दुसऱ्या दिवशी मेस सुरू करायची होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलींची मोठी परीक्षा, म्हणून सगळ्या जेवायला येणार होत्या. सकाळीच वैष्णवी नावाची मुलगी डोकावून गेली. "काकू, आज अंडाबुर्जी न? तुमच्या हातची खाल्ली की पेपर चांगला जाते मले."

हे आदल्या संध्याकाळी अंड्यांचा एक ट्रे घेऊन आले होते. मागच्या टिनाच्या खोलीत फळीवर ठेवला आणि कामावर जाताना सांगून गेले, "वरचा नवा हाय." खालचा ट्रे अकोल्याला जाण्याआधीचा, निघायच्या घाईत तसाच राहिलेला. तो नंतर फेकू म्हणून ठेवला. यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं, की पहाटे आईंनी फळी झाडली होती आणि झाडताना ट्रे खालीवर झाले होते. अंड्यांचे ट्रे सगळे सारखेच.

मी वरचा ट्रे ओट्यावर घेतला. वास येत होता. पण वास तर पाण्याच्या ग्लासालाही येत होता. नाकावर माझा विश्वास उरलाच नव्हता.

आई दाराशी आल्या, थबकल्या आणि पदर नाकाला लावला. "रंजना, वास येते."

माझं डोकंच फिरलं. "पुरे आता, आई! अजून किती दिवस माहं मन राखता?"

"तसं नाई वो पोरी. खरंच येते."

"तवाबी खरंच होतं न?"

त्यांच्याजवळ दुसरे शब्दच नव्हते. खोट्यासाठी जे वापरले होते, तेच खऱ्यासाठी उरले होते.

पण अकरा मुली जेवणार होत्या. मी नाक सोडलं, पाण्याकडे गेले. बोरच्या पाण्याची बादली भरून मागच्या खोलीत ठेवली, ट्रे तिथे नेला आणि अंडी एकेक करून आत सोडली. बाहेर कूलर घोंघावत होता, टिन तापून कडकड वाजत होतं. अंडी आत गेली, थोडी खाली गेली आणि पुन्हा वर आली. काही उभी राहिली. काहींचं बूड पाण्याबाहेर आलं. ती हळूहळू वळत होती आणि वळता वळता बादलीच्या माझ्याकडच्या काठाशी येऊन थांबत होती. मी बाजूला सरकले, तशी त्यातली दोन तिकडे वळली. पाणी हललं म्हणून, हे कळत होतं. तरी मी आणखी मागे सरकले.

"तरंगून राह्यली," आई मागून म्हणाल्या.

"बोरचं पानी खारं हाय," मी म्हटलं. "खाऱ्या पान्यात तरंगतेच. आमच्या गावी बी तरंगतात."

असं म्हणून मी वाटी घ्यायला वळलेसुद्धा. तेव्हाच वहिनीचा गंज डोळ्यासमोर आला. आमच्या गावचंच पाणी, या बोरपेक्षा कितीतरी खारं. आणि ते ताजं, गरम अंडं त्याच्या तळाशी आडवं पडलेलं.

मी फळीवरचा दुसरा ट्रे ओढला, त्यातलं एक अंडं घेतलं आणि त्याच बादलीत सोडलं. ते तरंगणाऱ्या अंड्यांच्या मधून सरळ खाली गेलं आणि तळाला टक् करून टेकलं. हलेना.

पाण्याचा काही दोष नव्हता. आजीची अंडी तरंगायची, कारण ती जुनी असायची. आम्ही पिढ्यान्पिढ्या आळ पाण्यावर घेतला.

मी तरंगणाऱ्यातलं एक उचललं, मागच्या दारात गेले आणि वाटीत फोडलं. वाटीत हिरवट-काळं पाणी पसरलं. आई "माय वं!" म्हणून मागे सरकल्या आणि त्यांना उलटीच झाली. भिंतीवरचा कावळा उडून गेला. मी वाटी नाकाशी नेली, सवयीने.

मला काहीच वास आला नाही.

महिनाभर जो वास माझ्या उशीत होता, चहात होता, माणसांच्या अंगाला होता, तो खऱ्या सडक्या अंड्याला नव्हता. वाटी अगदी ओठांपाशी होती. दुपार स्तब्ध होती. मी पुन्हा हुंगलं. काही नाही, नुसती हवा. इतकी मी त्या सगळ्या आजारपणात कधी घाबरले नव्हते. दवाखान्यात मरणाची भीती वाटली होती. इथे कळलं की हीच वाटी मी निश्चिंत मनाने पातेल्यात ओतली असती आणि वैष्णवीला वाढली असती.

मी वाटी खाली ठेवली, मोरीशी बसलेल्या आईंजवळ गेले आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"मी खोटी बोलली, म्हनून तू खरं मानलं नाई," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आज पोरींले काई झालं असतं तर?"

"झालं नाई न, आई."

"आता खोटं नाई बोलनार. तू रडली तरी नाई."

आम्ही दोघी तिथेच बसून रडलो. मग उठून ती सगळी अंडी खड्ड्यात पुरली, हात साबणाने धुतले, बादली घासली आणि दुसऱ्या ट्रेमधली एकेक तपासून बुर्जी केली. उशीर झाला. मुलींनी विचारलं तर आई म्हणाल्या, "गॅस संपला होता." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी जीभ चावली.

तेव्हापासून

अशा नाकाच्या माणसांनी एवढं करावं. अंडी आणली की ट्रेवर तारीख घालावी आणि फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवावीत, दारात नाही. तिथे तीन-चार आठवडे नीट राहतात. आमच्या मे महिन्यात बाहेर राहिलेल्या अंड्याचा भरवसा दोन-तीन दिवसांपलीकडे धरू नये. तडकलेलं घेऊ नये. पाण्यात आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर आम्ही फेकतो. पण पाणी फक्त वय सांगतं. आजारी करणाऱ्या अंड्याला कधी कधी वासही नसतो आणि ते बुडतंही. म्हणून पिवळं घट्ट होईपर्यंत शिजवा, कोणी कितीही कच्चं पौष्टिक म्हटलं तरी. आणि आपल्याला येणारा वास खरा की खोटा हे सांगणारं एक माणूस घरात ठेवा, गोड बोलणारं नको.

माझं ते माणूस ठरलं. मी वाटीत अंडं फोडते आणि वाटी आईंच्या नाकाशी नेते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. त्या मान हलवतात, मग मी ओतते. संत्र अजून वाईटच लागतं. यांच्या शर्टाचा वास थोडा निवळला आहे. आता मी पुन्हा यांच्याकडे तोंड करून झोपते आणि यांनी ते ओळखलं आहे.

परवा बुधवारी एक अंडं फोडलं आणि वाटी आईंकडे नेता नेता सवयीने माझ्या नाकावरून गेली. मी थांबले. कूलर चालू होता, घरात आम्ही दोघीच होतो. पुन्हा नाकाशी धरली. सडका वास नव्हता. त्या दिवसासारखी नुसती हवाही नव्हती. काहीतरी हलकं, कच्चं, धुतलेल्या फरशीसारखं होतं.

त्या दिवशीची वाटी आठवली. मी वाटी आईंपुढे धरली.

"आई, मले सडल्यासारखा वास नाई येत. तुमाले येते का?"

आईंनी चष्मा सारखा केला. वाटी दोन्ही हातांत घेतली, वाकल्या, डोळे मिटून बराच वेळ हुंगत राहिल्या.

"मलेबी नाई येत," त्या म्हणाल्या.